दोन बोटं उंच

फिजिओ जिना चढून वर येईपर्यंत घरात दोन तट पडले होते. तिने खांद्यावरची पिशवी उतरवेपर्यंत त्यांचे तीन झाले.

पहिल्या तटात अण्णा आणि दादा, म्हणजे आजोबा आणि नातू. या दोघांचं एरवी एका खिळ्यावरूनही पटत नसे, पण आज ते सोफ्यावर खांद्याला खांदा लावून बसले होते. शिडीने, म्हणजे दादाच्या बहिणीने, रविवारी खेळायचं, यावर दोघांचं एकमत होतं. दुसऱ्या तटात वहिनी एकटी होती आणि एकटी पुरेशी होती. तिसरा तट मिस्त्रीचा. मिस्त्री म्हणजे वहिनीचा नवरा आणि शिडीचा बाप. घरात बायकोसकट सगळे त्याला मिस्त्रीच म्हणत. कुठलाही वाद निघाला की हा माणूस एखादा रिकामा तट शोधून त्यात जाऊन बसे. आजचा तट होता, ‘डॉक्टर म्हणतील तसं’.

आत्या कुठल्या तटात, हे कोणी विचारलंच नाही. शिडी जिथे, तिथे आत्या. शिडी दीड वर्षाची असल्यापासून हे असंच होतं, आणि आता शिडी दारातून वाकून आत यावं लागेल इतकी उंच झाली, देशातल्या मोठ्या क्लबकडून बास्केटबॉल खेळून पोट भरायला लागली, तरी त्यात फरक पडला नव्हता. शिडीला खेळायचं होतं. म्हणून आत्याला ती खेळायला हवी होती. इतकं सोपं.

शिडी स्वतः कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून संत्र्याची साल एका तुकड्यात निघते का ते बघत होती.

सोफा

खाली खुर्च्यांचं वर्कशॉप, वर घर. सुतारकाम मिस्त्री आणि दादाचं, गादीकाम आत्याचं. अण्णांनी डोळे अधू झाल्यावर हत्यारं खाली ठेवली होती, पण तोंड ठेवलं नव्हतं.

“नऊ महिन्यांत अख्खा माणूस तयार होतो,” ते फिजिओला म्हणाले, “आणि एक गुडघा होत नाही?”

फिजिओ उत्तर जुळवत होती, तेवढ्यात वहिनीने ते दिलं.

“माणूस जन्माला येतो, अण्णा. चालायला त्याला आणखी वर्ष लागतं.”

अण्णा म्हणाले की सूनबाईंना मुद्दा कळला नाही. वहिनी म्हणाली की मुद्दा कळला, म्हणूनच उत्तर दिलं. दादाने मध्ये पडून वकिली सुरू केली. उपांत्य सामना रविवारी. कोचला खेळाडूंची नावं आज संध्याकाळी द्यायची आहेत. पुढच्या हंगामात कोणाला ठेवायचं हेही त्यानंतर लगेच ठरणार. बाकावर बसलेल्या माणसाला कोण ठेवतं? क्लबचा ट्रेनर तयार आहे, सर्जनने लिगामेंट ठणठणीत आहे म्हणून लिहून दिलंय, मग अडलंय कुठे?

“माझ्याकडे,” फिजिओ म्हणाली.

ती लहानखुरी, हळू बोलणारी मुलगी होती. ती आली की अण्णा तिला आधी ‘खाऊन घे काहीतरी’ म्हणत, मग तिच्याशी भांडत. तिने जे सांगितलं ते असं. गेल्या हंगामात बास्केटखाली उडीवरून उतरताना उजव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. मांडीमागच्या स्नायूची दोरी घेऊन नवीन बसवलं. ते उत्तम धरलंय. पण एका पायावर उडी मारून उतरायला सांगितलं की शिडीचा उजवा पाय शेवटच्या क्षणी काम टाळतो आणि भार डाव्यावर जातो. अशा पायाने सामन्यात उतरलं तर तेच लिगामेंट पुन्हा जाऊ शकतं, नाहीतर दुसऱ्या गुडघ्यातलं. बरं, पायात जोर नाही म्हणावं, तर घरच्या व्यायामात शिडी एका उजव्या पायावर खुर्चीतून सहज उठते, हात न लावता, ओळीने कितीतरी वेळा.

“आम्ही साक्षीदार आहोत,” अण्णा म्हणाले. “रोज मी मोजतो.”

“त्याचीच मला संगती लागत नाही. घरी जमतं, माझ्याकडे जमत नाही. ट्रेनर म्हणतात, ही भीती आहे, मैदानात उतरली की जाईल. तसं असेल तर त्यांचं बरोबर आहे. थोडी मिनिटं खेळवायला हरकत नाही. पण मला तसं वाटत नाही.”

“का वाटत नाही?” दादाने विचारलं.

“कारण नाही माझ्याकडे. शंका आहे.”

शंकेवर कोणाला घरी बसवायचं का, असं दादा म्हणाला. वहिनी म्हणाली की आपण जिन्यातला बल्ब गेला की शंकेवरच पाय टाकतो आणि हळू टाकतो. मिस्त्रीने कानामागची पेन्सिल काढली, बघितली, परत खोचली.

मग शिडी बोलली. संत्र्याकडे बघतच.

“असेल भीतीच. खाली येताना आत काहीतरी मागे सरतं. मी आधी अशी नव्हते.” साल बाजूला ठेवून ती म्हणाली, “मला खेळायचंय. खेळले की जाईल बहुतेक.”

ते ‘बहुतेक’ आत्याला टोचलं. ही मुलगी वाकडीतिकडी कशीही पडायची, पण बहुतेक कधी म्हणायची नाही.

आत्याचं स्टूल

एक बैठक कमी पडत होती म्हणून आत्याने खालून आपलं कामाचं स्टूल आणलं होतं. बुटकं, तीन पायांचं. त्यावर बसून ती खुर्च्यांच्या पोटात स्पंज भरते आणि पट्ट्या ओढते. ते स्वतःसाठी आणलं होतं. पण फिजिओ उभी आहे हे बघून शिडीने आपल्याखालची खुर्ची तिला दिली होती आणि कोणी काही म्हणायच्या आत ती स्टुलावर बसली होती. घडी घातलेल्या मोजपट्टीसारखे तिचे गुडघे हनुवटीपर्यंत आले होते.

फिजिओचा फोन वाजला. ती गॅलरीत गेली. ती गेल्याबरोबर तटांनी एकमेकांवर तोंडं टाकली. सगळे एकदम बोलत होते, म्हणून सगळ्यांचं लक्ष एकमेकांकडे होतं.

शिडी संत्र्याची सालं टाकायला उठली.

उठायच्या आधी तिने उजवा पाय पुढे सरकवला, जणू तो या कामातला नाही. डावा पोटाशी ओढला. डावा तळहात टेबलाच्या कडेवर रोवला आणि मग ती उठली. सगळा प्रकार डोळ्याच्या एका उघडझापीत आटोपला. नाटकात पडद्यामागून खुर्ची ओढून नेतात तसं कोणाच्या लक्षात येऊ नये असं.

आत्याच्या आलं. आणि आत्याच्या आलं, हे शिडीच्या लक्षात आलं.

शिडीने डावी भुवई वर केली.

आत्या म्हणाली,

भुवई

शिडी पाच-सहा वर्षांची असताना वर्कशॉपमधल्या फळ्यांच्या चळतीवरून उडी मारून पडली होती. कपाळाला खोक. वहिनीने विचारलं, कसं लागलं, तेव्हा पोरीने काही न बोलता डावी भुवई, रक्तासकट, आत्याकडे वर केली. आत्या म्हणाली, कपाटाचं दार लागलं. ते दार मिस्त्रीने दुसऱ्या दिवशी दुरुस्त केलं. त्यात काही बिघाड नव्हता, पण त्याने केलं.

तेव्हापासून ती भुवई चालत आली. शाळा बुडवून सरावाला जाणं, कॉलेजला रामराम ठोकणं, एका खेळाडू मुलाबरोबरचं आणि नंतर त्याच्याशिवायचं प्रकरण. गेल्या हंगामात बास्केटखाली पडल्यावर पहिला फोनही आत्यालाच आला होता. मागे हॉलचा गोंगाट, आणि शिडीचा अगदी शांत आवाज: आत्या, आईला इतक्यात सांगू नकोस. फोनवरून भुवई दिसत नाही. आत्याला दिसली होती.

पुन्हा स्टूल

आत्या काहीच म्हणाली नाही.

“पाणी आणते सगळ्यांना,” एवढं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली.

जेवणाची खुर्ची

तिने पेले मांडले आणि भरले नाहीत. जेवणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून ती मटकन बसली.

रोज संध्याकाळी हीच जत्रा भरायची. शिडी याच खुर्चीवर बसायची, हात छातीशी, डावा पाय हवेत, आणि एका उजव्या पायावर उठायची. पुन्हा बसायची, पुन्हा उठायची. अण्णा मोठ्याने मोजायचे, पहिली टाळी आत्याची असायची. आणि आज तीच मुलगी एका स्टुलावरून उठताना चोरून टेबल धरते? असेल, स्टूल बुटकं आहे. मग फिजिओकडे जमिनीवर उतरताना काय होतं? आणि सामन्यात, दोन आडदांड बायका अंगावर येत असताना?

आत्या खुर्चीवर नेहमी एक पाय दुमडून बसते. गादीकाम करणाऱ्यांची खोड. आज विचारांच्या नादात तिने दोन्ही पाय खाली सोडले.

टाचा जमिनीला टेकेनात.

तिने पुढे सरकून बघितलं, मागे सरकून बघितलं. तिला अण्णा आठवले. गेले कित्येक महिने ते जेवताना कुरकुरत होते की माझे पाय लोंबकळतात, मी आटत चाललोय. सगळे त्यांना समजूत घालायचे की वयाप्रमाणे होतं थोडंफार. दादाने तर त्यांना पायाखाली घ्यायला एक चौरंग करून दिला होता. आणि डॉक्टरांनी अण्णांना कॅल्शियमच्या गोळ्या दिल्या होत्या.

आत्याने गळ्यातली टेप काढली. मग ती ठेवून दिली आणि मागच्या जिन्याने खाली वर्कशॉपमध्ये गेली.

तिथे नव्या सहा खुर्च्या पॉलिश होऊन उभ्या होत्या. त्याच साच्यावरच्या, ज्यावर घरातल्या झाल्या होत्या. या घराण्याने आयुष्यात जेवणाच्या खुर्चीचा दुसरा साचा वापरला नव्हता. तिने त्यातल्या एकीवर बूड टेकलं. टाचा जमिनीवर. अगदी सपाट.

मग तिने घरातली एक खुर्ची जिन्यातून खाली आणून नवीच्या शेजारी ठेवली. घरातली दोन बोटं उंच होती.

उलटी केली. चारही पायांना खाली ठोकळे जोडलेले होते. रेषेला रेषा जुळवून, त्याच रंगाचं पॉलिश करून, सांधा नखाला लागू नये असा. हे काम जगात एकाच माणसाचं होतं. आत्याला आधी भावाचं कौतुक वाटलं. मग संताप आला. आणि मग तिला आठवलं की शिडीच्या खुर्चीत तिने स्वतःही काहीतरी केलं होतं. ऑपरेशननंतर पंधरवड्यात तिने त्या बैठकीतला जुना स्पंज काढून जाड, टणक भरला होता. पोरीला रुतू नये म्हणून. ती आणखी दोन बोटं.

फिजिओने सांगितलं होतं, व्यायामाला साधी खुर्ची घ्या. घरात साधी खुर्ची उरलीच नव्हती.

जिना

नवी खुर्ची उचलून आत्या निघाली आणि जिन्याच्या मध्यावर थांबली. जिना अरुंद, खुर्ची रुंद. थांबायला तेवढं कारण पुरेसं होतं.

गप्प राहिलं तर? शिडीने गप्प राहायलाच सांगितलं होतं. नाव जाईल, रविवार येईल, हॉलमध्ये लोक तिच्या नावाने ओरडतील. कदाचित काही होणारही नाही. किती जण खेळतात दुखऱ्या पायांनी. आणि बोललं तर संध्याकाळी कोच दुसरं नाव देणार, पुढच्या हंगामात दुसरीलाच घेणार, आणि शिडीला आयुष्यभर आठवणार की हे आत्याने केलं. आईने नव्हे. आत्याने.

वरून अण्णांचा आवाज येत होता. भीती म्हणजे काय, ते सांगत होते. भीती म्हणजे नवीन पायताण. घातल्याशिवाय सैल होत नाही.

शिडीचा आवाज येत नव्हता. बहुतेक म्हणणारी शिडी.

आत्याने खुर्ची डोक्यावर घेतली आणि वर गेली.

साच्यातली खुर्ची

“अरे वा,” अण्णा म्हणाले. त्यांना खुर्ची दिसली नाही, पण पॉलिशचा वास आला. “पहिली बैठक.”

या घरात खुर्ची करणारा त्या खुर्चीवर पहिल्यांदा बसत नाही. आपलं काम आपल्याला पक्कंच वाटतं, असं अण्णांचे वडील म्हणत. शिडी सर्वांत वजनदार झाली तेव्हापासून पहिली बैठक तिची होती. ती धपकन बसायची, मागे रेलायची, आणि खुर्ची करकरली नाही तरच गिऱ्हाइकाकडे जायची. गुडघा गेल्यापासून ते काम दादा करत होता. नऊ महिन्यांत शिडी एकाही नव्या खुर्चीवर बसली नव्हती.

आत्याने खुर्ची खोलीच्या मधोमध ठेवली.

“शिडी, बस.”

शिडीने आत्याकडे बघितलं. तिची डावी भुवई हळूहळू वर गेली.

“भुवई खाली कर,” आत्या म्हणाली. “बस. आणि मग ऊठ. रोज उठतेस तशी.”

फिजिओ फोन हातात धरून गॅलरीच्या दारात उभी होती. शिडी बसली. हात छातीशी घेतले, डावा पाय उचलला, पुढे झुकली आणि उठायला लागली. पार्श्वभाग खुर्चीवरून चार बोटं सुटला. मांडी थरथरली. ती परत खाली आली, आणि ते बसणं नव्हतं.

“दमली असेल,” दादा म्हणाला.

शिडीने पुन्हा केलं. या वेळी डावा पाय, तिने न सांगता, आपण होऊन जमिनीवर आला आणि तिला उभं केलं. ती त्या पायाकडे बघत राहिली.

वहिनी जागची उठली होती. तिचं जिंकणं समोर उभं होतं, पण तिचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

आत्याने आतून शिडीची रोजची खुर्ची आणली, नवीच्या शेजारी ठेवली. “आता हिच्यावर.”

शिडी बसली आणि एका उजव्या पायावर लोण्यातून सुरी फिरावी तशी उठली.

फिजिओ दोन्ही खुर्च्यांसमोर उकिडवी बसली. बैठकींच्या कडा बघितल्या, मग एकीवर तळहात ठेवला आणि तो सरळ दुसरीकडे नेला. तळहात दुसरीच्या कडेवर आपटला.

“या सारख्या आहेत ना?” तिने विचारलं.

“ते आमच्या मिस्त्रीला विचारा,” आत्या म्हणाली.

कोणी काय उंच केलं

मिस्त्री पेन्सिलीकडे बघत बोलला. पहिल्या आठवड्यात पोर खुर्चीतून उठताना ओठ चावायची. बघवेना. फक्त तिची उंच केली असती तर तिला कळलं असतं, म्हणून सहाही केल्या. मग टेबल बुटकं दिसायला लागलं, म्हणून टेबल.

“टेबलसुद्धा?” आत्या म्हणाली.

“प्रमाण जातं नाहीतर.”

“थांबा,” अण्णा म्हणाले. त्यांनी सोफ्यावरून दोन्ही हात वर केले होते, मोर्चा अडवावा तसे. “म्हणजे मी आटलो नाही?”

“नाही,” मिस्त्री पेन्सिलीला म्हणाला.

“इतके महिने मी गोळ्या खातोय.”

दादा पटकन म्हणाला की पलंग त्याने उंच केला. शिडीला तपासणीला नेलं होतं त्या दिवशी, चार पायांखाली चार ठोकळे. वहिनी त्याच्याकडे वळली आणि कमालीच्या शांतपणे म्हणाली, मग त्यावर दुसरी गादी मी घातली ती कशाला? ती म्हणाली की खालच्या कप्प्यातलं सगळं वरच्या कप्प्यात तिने हलवलं होतं, शिडीला वाकावं लागू नये म्हणून. आणि घरातली दोन बुटकी स्टुलं माळ्यावर तिने टाकली होती.

“तरीच,” शिडी म्हणाली. “पलंगावरून उतरताना मला विमानातून उतरल्यासारखं वाटायचं.”

आत्याने आपला स्पंज सांगितला. सांगताना ती फिजिओकडे नाही, शिडीकडे बघत होती. शिडीचा चेहरा कळत नव्हता.

“शोभतं का हे?” अण्णा म्हणाले. “एकेकाने चोरून. म्हणजे या घरात सरळ मी एकटाच.”

“अण्णा,” मिस्त्री म्हणाला, “तुम्ही मोजायचा तेव्हा सातनंतर नऊ कसे यायचे?”

अण्णांनी सोफ्याच्या हातावर नसलेली धूळ झटकली.

“रोज नाही,” ते म्हणाले. “पोरीला हुरूप यावा म्हणून. अधूनमधून.”

फिजिओ अजून खाली बसलेली होती. तिने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. आत्याला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग तिने डोळे पुसले आणि शिडीच्या उजव्या मांडीवर गुडघ्याच्या जरा वर बोट ठेवलं.

“हा भाग नऊ महिने झोपलाय. गुडघा जास्त वाकलेला असताना याला काम करायचं असतं, आणि तुझ्यावर ती वेळ घरात कोणी येऊच दिली नाही. उडीवरून उतरताना नेमकी तीच वेळ येते. मी विचारायचे, घरी त्रास होतो का, तू म्हणायचीस अजिबात नाही. खरंच बोलत होतीस.”

“म्हणजे?” शिडी म्हणाली.

“म्हणजे पायात जोर उरलेला नाही. ही भीती नव्हे. जोर करून भरता येतो. नीट केलं तर पुढच्या हंगामाच्या सुरुवातीला तू उभी राहशील. रविवारपर्यंत नाही भरता येत.”

आत्या रागाची वाट बघत होती. त्याची तिने जिन्यातच तयारी केली होती. शिडी चिडली की बोलत नाही, नुसती निघून जाते. आत्याने दाराकडची वाटही मोकळी ठेवली होती.

शिडी नव्या खुर्चीवर बसली. मग तिने विचारलं, “म्हणजे मी भित्री नाही झाले?”

“नाही.”

“मला नऊ महिने वाटतंय, की...” ती म्हणाली. वहिनी तिच्या मागे जाऊन उभी राहिली आणि तिने लेकीचं डोकं आपल्या पोटाशी धरलं. खुर्ची योग्य उंचीची होती; डोकं बरोबर तिथे आलं.

आत्याला एकदम कळलं की पोर स्टुलावरून उठताना पाय लपवत नव्हती. ती भित्रेपणा लपवत होती, जो नव्हताच. आणि ती भुवई गुडघ्यासाठी नव्हती.

गॅलरी

कोचला फोन शिडीने स्वतः केला. दादा म्हणाला मी बोलतो, पण तिने त्याच्या हातातून फोन काढून घेतला. काचेच्या दारातून तिची पाठ दिसत होती. ती कमी बोलली, पुष्कळ ऐकलं. एकदा तिने कठड्यावर कपाळ टेकवलं, तेव्हा आत्या उठली आणि वहिनीने तिचा हात धरून तिला खाली बसवलं. दोघी एकाच तटात असल्यासारखं.

शिडी आत आली. रविवारी नाव नाही. पुढच्या हंगामाचं कोच काही सांगू शकत नाही म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता, मग उतरला. शेवटी म्हणाले, रविवारी येऊन संघाबरोबर बाकावर तरी बस.

“जाणार?” दादाने विचारलं.

“जाणार. बाक बुटका असतो.”

अण्णांनी घसा साफ केला. त्यांनी जाहीर केलं की सूनबाईंचं बरोबर होतं, पण चुकीच्या कारणाने. वहिनी म्हणाली, कारण तुम्ही ठेवून घ्या. मग ती शिडीला म्हणाली, अगदी हळू, की खेळू नकोस असं मी एकदा तरी म्हटलंय का? रविवारी नको, एवढंच म्हटलं. शिडी म्हणाली, माहीत आहे. आणि आत्याकडे न बघता, जणू दुसऱ्याच कोणाला, म्हणाली, “कपाटाच्या दाराचं पण आता सांगून टाकू का?”

“कुठलं दार?” मिस्त्रीने विचारलं. “जे मी दुरुस्त केलं ते?”

आत्या इतकी हसली की तिला उचकी लागली. मघाशी ती आणायला गेली होती ते पाणी शेवटी तिलाच लागलं.

करवत

चहा होण्याआधीच मिस्त्री करवत घेऊन आला. पहिली खुर्ची माझी, असा अण्णांचा हट्ट. ठोकळे निघाल्यावर ते तिच्यावर बसले, दोन्ही पाय जमिनीवर ठेवले आणि पाऊलभर पुढे-मागे सरकवून बघितले. गेलेली जमीन परत मिळाल्यासारखा त्यांचा चेहरा झाला. चौरंग त्यांनी पायानेच दूर ढकलला.

मग टेबल, मग बाकीच्या. खोलीभर लाकडाचा भुसा झाला. दादा आत जाऊन पलंग उतरवून आला. आत्याने शिडीच्या खुर्चीची शिवण उसवून तो जाड स्पंज ओढून काढला आणि जुना, दबलेला, परत भरला. तो टाकून दिला नव्हता. या घरात काही टाकत नाहीत.

शिडी बसली. फिजिओने तिला सांगितलं की आज एका पायाचं नाव नको. दोन्ही पाय, पण खरोखर दोन्ही. हळू. एकदाच.

शिडी पुढे झुकली आणि चारी बाजूंनी हात पुढे आले. मिस्त्रीचा कोपराखाली, वहिनीचा पाठीशी, दादाचा आणि आत्याचा एकदमच. अण्णांना नीट दिसत नव्हतं, तरी त्यांचाही आला.

“हात,” फिजिओ म्हणाली.

हात मागे गेले. शिडी पुन्हा झुकली. हात पुन्हा आले. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं.

“सगळ्यांनी बसा,” आत्या म्हणाली. “आपापल्या खुर्चीवर. आणि हातांवर बसा. मिस्त्री, तू पण. पेन्सिल राहू दे.”

पाच जण नुकत्याच उतरवलेल्या पाच खुर्च्यांवर हात खाली घालून बसले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे. शिडीने त्यांच्याकडे बघितलं. तिला हसू आलं, ते तिने आवरलं आणि ती उठायला लागली. मध्यावर तिचा उजवा गुडघा थरथरायला लागला, कापडातून दिसेल इतका. अंग डावीकडे झुकलं. तिने ते परत मध्ये आणलं. पुन्हा झुकलं, पुन्हा आणलं. आत्याच्या तळहातांना लाकडाची कड रुतत होती आणि ती आणखी दाबून बसली.

मग शिडी उभी होती. पूर्ण उंच, डोकं दिव्याच्या झुंबराला टेकलेलं, दोन्ही पायांवर.

“एक,” अण्णा म्हणाले, आणि पुढे काही म्हणाले नाहीत.

टाळी कोणी वाजवली नाही. हात कोणाचेच मोकळे नव्हते.